कोथरूडमध्ये माणशी दीड हजार कोण देणार?

प्रश्न : नमस्कार सर, मी आणि माझी बायको दोघंही शेफ आहोत, आठ वर्षं मुंबईत मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये काढली आणि आता पुण्यात परत आलोय. बायकोच्या मावशींची बिल्डिंग रिडेव्हलप झाली, कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ, तिथे खाली त्यांचा गाळा आहे तो भाड्याने मिळतोय. आमच्या डोक्यात ७० सीटचं फाइन डाइन रेस्टॉरंट आहे. कोकण, देश, खानदेश इथलंच जेवण पण मांडणी नवी, सात कोर्स, माणशी साधारण १५०० रुपये. घरचे म्हणतात वेड लागलंय का, कोथरूडकर एवढे देणार नाही, बाणेरला जा. बाणेरचं भाडं आम्हाला झेपत नाही. काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी ते "कोथरूडकर पैसे देणार नाही" हे डोक्यातून काढून टाका. अहो तोच कोथरूडकर रविवारी गाडी काढून बालेवाडी हाय स्ट्रीटच्या एखाद्या रेस्टॉरंटला जातो, अर्धा तास पार्किंग शोधतो, सहा हजारांचं बिल देतो आणि परत येताना "ठीक होतं" म्हणतो. मुंजीला केटररला लाखात पैसे देतो. पैसा आहे हो, निमित्त नाहीये. मंगळवारी रात्री आठ वाजता चार जणांच्या घराने सहा हजार खर्च करून जेवायला यावं असं कारणच नसतं, घरी आमटी तयार असते. तेव्हा खिसे मोजू नका, निमित्तं मोजा.

आता जरा हिशोब करू, आकडे मी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. भाडं तीन लाख धरलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४ हजार, आणि मावशींची जीएसटी नोंदणी नसली तरी ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी गाळ्याचा हा कर भाडेकरूनेच भरायचा असतो. हा विषय नवीन मुलं हमखास विसरतात. आणि तो परतही मिळत नाही, कारण १५ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्यासारख्या रेस्टॉरंटने गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यायचा पण इनपुट क्रेडिट (आपण खर्चावर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणजे भाड्यावरचा, फर्निचरवरचा, एसीवरचा कर सगळा तुमच्याच अंगावर. पंचवीस माणसांचे पगार, त्यांचं जेवण आणि राहणं साडेचार लाख, लाइट गॅस मेंटेनन्स एक लाख, कर्जाचा हप्ता दीड लाख, किरकोळ पन्नास हजार. झाले अकरा लाख. १५०० मधून माल आणि इतर जाता हातात ९०० राहतात असं धरलं तर महिन्याला साधारण सव्वाबाराशे माणसं जेवली तर तुम्ही शून्यावर. स्वतःचा पगार अजून धरलेला नाही.

शनिवार रविवार भरतीलच. आठ दिवस, दुपार रात्र मिळून रोज ९०, म्हणजे ७२० झाले. उरलेले पाचशे तुम्हाला बाकीच्या बावीस दिवसांत हवेत, रोज २३ माणसं, सहा टेबलं. ऐकायला काहीच नाही ना? माझ्या स्वतःच्या हॉटेलात (ते पण असंच घरंदाज वस्तीत होतं, चार वर्षांनी बंद केलं) बुधवारी दोन टेबलं लागली की कॅप्टन (वाढप्यांचा मुख्य) खूश असायचा. वीकेंडच्या गर्दीचे फोटो नातेवाईकांना पाठवायचो आणि सोमवार ते गुरुवार दारातून रस्त्याकडे बघत बसायचो.

अजून एक बाजू बघा. सव्वाबाराशे माणसं म्हणजे चार-चारची तीनशे टेबलं महिन्याला. एखादं कुटुंब वर्षातून तीनदाच आलं, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि पोराचा निकाल, तर तुम्हाला अशी सव्वाबाराशे घरं लागतील जी न चुकता तीन वेळा तुमच्याचकडे येतील. तेच घर महिन्यातून एकदा आलं तर तीनशे घरांत भागतं. आणि सात कोर्सचा एकच मेनू असला की माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल, बघून झालं की! मुंबईत महालक्ष्मीला शक्ती मिल्स लेनमध्ये मास्क नावाचं रेस्टॉरंट २०१६ पासून अशाच ठरलेल्या अनेक कोर्सच्या टेस्टिंग मेनूवर चालतंय, पण तिथे अख्खं शहर आणि बाहेरगावचे लोक ठरवून जातात. डहाणूकर कॉलनीत तुमचं गिऱ्हाईक चालत येणार आहे, चपला घालून.

मग निमित्तं कुठली? मला विचाराल तर केळवण. मी गंमत नाही करत. हल्ली केळवण घरी करायला कोणाला वेळ नाही आणि साध्या हॉटेलात केलं तर बरं दिसत नाही, आठ ते बारा माणसं असतात, वार कुठलाही चालतो कारण लग्नाआधीच्या तीन आठवड्यांत दहा घरची केळवणं बसवायची असतात, यजमानाला चारचौघांत नाव राखायचं असतं आणि पाहुण्यांतली प्रत्येक मावशी मनात म्हणते की आपण कुठे करायचं. तुळशीच्या लग्नापासून पुढे हे सुरूच असतं. केळवणासाठी चौदा जणांची एक वेगळी खोली काढा, पाटाभोवती रांगोळी, चांदीचं ताट, नवरा-नवरीला उखाणा घ्यायला लावा. तुमचं कोकण-देश-खानदेश तिथे शोभेल, उगाच पदार्थावर फेस (फोम) आणि चिमटीने लावलेली फुलं नकोत. मग डोहाळजेवण, साठी, पंचाहत्तरी, भिशीच्या बायकांचं दुपारचं जेवण, डिसेंबरात अमेरिकेहून आलेली मुलं जी आईला ओट्यापाशी उभी राहू देत नाहीत. आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह! साडेनऊच्या प्रयोगाआधी धड जेवायला मिळत नाही म्हणून लोक वडापाव खाऊन आत जातात. सव्वासातला बसवायचं आणि नऊला मोकळं करायचं असं शब्द देऊन सांगा, ती टेबलं वीकडेला लागतील.

उलट बाजू पण लिहून ठेवा. श्रावण, पितृपक्ष, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, नवरात्र, वर फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा. मासे-मटणावर मेनू उभा केलात तर कॅलेंडर तुम्हाला खाईल. अर्धा मेनू शाकाहारी ठेवा आणि तो मनापासून करा, पनीर टाकून वेळ मारून नेऊ नका. संकष्टीला चंद्रोदयानंतर उकडीचे मोदक आणि वरणभात असं एखादं टेबल लावून बघा, फार तर काय होईल, फसेल.

भावाबद्दल सांगतो. आपल्या लोकांना महाग चालतं पण बिल आल्यावर दचकायला चालत नाही. बार्बेक्यू नेशन २००६ मध्ये पाली हिलला सुरू झालं आणि गावोगाव गेलं त्याचं मला तरी एक मोठं कारण वाटतं ते म्हणजे माणशी रेट आधी कळतो, वडिलांनी घरूनच गुणाकार केलेला असतो आणि मग कोणी काय किती खाल्लं याकडे त्यांचं लक्ष जात नाही, मजेत जेवतात. तुम्ही पण तसंच करा, ठरलेल्या भावाचं ताट, ९०० चं आणि १५०० चं, कर धरून. पण वाढप सढळ हवं. "एवढंसंच?" हा शब्द एका टेबलावरून आला की तो सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकराच्या आत पोचतो. सात कोर्सची तुमची हौस महिन्यातून दोन शुक्रवारी, वीस जण, आगाऊ पैसे. (९०० च्या ताटावर हातात कमी राहणार, म्हणून वरचा हिशोब पुन्हा करायचा, आळस करू नका.)

आजी. आजीचा विचार केल्याशिवाय कोथरूडमध्ये फाइन डाइन काढू नका, कारण कुठे जायचं ते नातू ठरवतो पण परत जायचं का ते आजी ठरवते. दोन पायऱ्या असतील तर रॅम्प. खुर्ची पाठ टेकवता येईल अशी, ते उंच स्टूल नकोत. मेनू वाचता येईल इतका उजेड. गाणी हळू. आणि साजूक तुपाचा मऊ वरणभात कायम, लहान मुलांसाठी पण तोच. बायकोला विचारा, किचनला याचा काडीचा त्रास नाही.

दारूचं म्हणाल तर तुमच्या मनात बार असणार, मार्जिन तिथे असतं हे खरं. पण परमिट रूमवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला, लायसन्सची फी वेगळी, शाळा-देवळापासून अंतराची अट असते आणि डहाणूकर कॉलनीच्या आसपास शाळा किंवा देऊळ लागत नाही अशी गल्ली दाखवा मला. शिवाय वरच्या मजल्यावर मावशींचे शेजारी आहेत. पहिली दोन वर्षं नको. कोकम, आवळा, पन्हं यांचे चांगले ड्रिंक करा, दोनशे रुपये लावा, लोक देतात.

आणि ७० सीट कशाला? गाळ्याचा अर्धाच भाग घेता येतो का मावशींना विचारा. ४० सीट अधिक ती चौदाची खोली, माणसं पंधरा. भाडं आणि पगार उतरले की रोजच्या २३ चे १२-१३ होतील, आणि तेवढे मी कोथरूडमध्ये मंगळवारी सुद्धा बघितलेत. पार्किंगसाठी जवळच्या एखाद्या ऑफिसशी संध्याकाळपुरतं बोलून ठेवा, करार कागदावर करा, तोंडी नको.

प्रश्न : सासूबाईंची पंचाहत्तरी एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये केली. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला, सासरे चिडले, म्हणाले परत पाय ठेवणार नाही. तो द्यावाच लागतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की तो आपोआप बिलात घालता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. शांतपणे "काढून द्या" म्हणा, बहुतेक ठिकाणी काढतात, नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन. वाढणारा मुलगा चांगला असेल तर त्याच्या हातात काय द्यायचं ते द्या. वरच्या प्रश्नातल्या शेफ दांपत्यानेही हे वाचावं, बिल सहा हजारांचं धरलं तर सहाशेसाठी एक आख्खं घर गेलं, सासूबाईंच्या मैत्रिणी धरल्या तर किती घरं ते तुम्हीच सांगा.