जोंगाच्या चासीवर दुसरा नंबर ठोकू नका

प्रश्न : मी सातपूरला टूलरूममध्ये नोकरी करतो. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करायचा नाद आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर नाशिकमधल्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून लष्कराच्या लिलावातली १९८६ ची जोंगा (लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी) सव्वादोन लाखांना घेतली. 'कागद दोन महिन्यांत देतो' असं त्याने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, पण अजून दिलेले नाहीत. मूळ पेट्रोल इंजिन जाम होतं, म्हणून दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं. पत्राकाम, ब्रेक, वायरिंग, मिलिटरी हिरवा रंग, सगळं झालंय. आरटीओत तोंडीच 'होणार नाही' म्हणाले. आता एक एजंट म्हणतो, भंगारात गेलेल्या जीपचं आरसी बुक आहे, तिचा नंबर चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) ठोकू, चाळीस हजारांत काम होईल. मॅडम, करावं का? नाहीतर मित्राच्या शेतावरच चालवली तर चालेल ना?

उत्तर : एजंटला आजच फोन करून नाही म्हणून सांगा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत गंज खरवडलेल्या जागी चासीचे मूळ आकडे स्वच्छ वाचता येतात. शेवटचा आकडा जरा खचलाय, तेवढाच. तुमच्या हातात आज जे काही आहे, त्यात सगळ्यात मोलाचे हेच आकडे. त्यांच्यावर ग्राइंडर फिरला की ही गाडी कुठून आली हे तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. दुसऱ्या गाडीचा नंबर ठोकून आरटीओसमोर उभं राहणं म्हणजे सरळ फसवणूक. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि बनावटगिरीची कलमं लागू शकतात, आणि त्यात आरोपी म्हणून नाव तुमचं येतं, एजंटचं शोधावं लागतं. घासलेले आकडे प्रयोगशाळेत आम्ल लावून पुन्हा उठवता येतात, तेव्हा कुणाला कळणार नाही या भ्रमात राहू नका. ती जीप कधीकाळी चोरीला गेलेली निघाली, तर ते प्रकरणही तुमच्याच अंगणात येईल. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट याच नंबरावर ठेवेल आणि भरपाईसाठी तुमच्या घरादाराकडे पाहिलं जाईल.

आता सरळ रस्ता. तो लांबचा आहे, पण आहे. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० खाली वेगळी होते. गाडी लष्कराच्या वापरातून बाहेर पडली, की तिला तुमच्या-माझ्या गाडीसारखीच कलम ३९ आणि ४० प्रमाणे नोंदणी लागते. त्यासाठी अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा असतो, आणि माजी लष्करी गाडीसाठी त्यासोबत संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला फॉर्म २१ मधला मूळ विक्री-दाखला जोडायचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४७ मध्येच हे लिहिलंय. तुमचं सगळं घोडं या एका कागदावर अडलंय. गाडी लिलावात ज्याने घेतली त्याला तो मिळालेला असतो, म्हणून व्यापाऱ्याकडे 'कागद द्या' असं मोघम मागू नका. फॉर्म २१, लिलावाचा लॉट नंबर, पैसे भरल्याची पावती आणि डेपोतून गाडी सोडल्याचा आदेश, असं नाव घेऊन मागा. लिलावात ती गाडी म्हणून विकली गेली की भंगार म्हणून, हे याच कागदांवरून कळेल. भंगार म्हणून विकली असेल, तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. रस्त्यावरच्या नोंदणीचा विषय मग तिथेच संपतो.

व्यापारी टाळाटाळ करत असेल, तर विक्री करणाऱ्या डेपोकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात चासी नंबर आणि शक्य असल्यास जुना लष्करी नंबर लिहा. सुरुवातीला बाण असलेला तो नंबर तुमच्या फोटोत जुन्या बंपरवर पुसटसा दिसतोय. तो बंपर भंगारात देऊ नका.

कागद हाती आले की पेठ रोडला आरटीओत रीतसर अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी 'होणार नाही' याला कायद्यात किंमत नाही. नोंदणी नाकारायची असेल तर कलम ४५ प्रमाणे कारणं लिहून आदेश द्यावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. लेखी नकारच नसेल, तर अपील कशावर करणार?

तपासणीला गाडी नेण्याआधी दोन गोष्टी बदलाव्या लागतील, आणि दोन्ही तुम्हाला टोचणार आहेत. पहिली इंजिनाची. जोंगा मूळची सहा सिलिंडरची, ३९५६ सीसी पेट्रोल. निस्सानच्या 'पॅट्रोल' (Patrol) या गाडीवरून ती जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून तीस वर्षं बनत होती. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचलंय. इंजिन बदलायला परवानगीची वाट आहे, पण ती नोंद असलेल्या गाडीला. तुमच्या गाडीची नोंदच नाही. परवानगीविना केलेल्या बदलाला कलम १८२ अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. जाम झालेलं पेट्रोल इंजिन अजून तुमच्याकडेच असेल तर ते उघडा, बोअर करून घ्या आणि परत बसवा. टूलरूममधला माणूस आहात. हे काम दुसऱ्या कुणापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल.

दुसरी गोष्ट रंगाची. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. फोटोत कालच स्प्रे मारल्यासारखं बॉनेट चमकतंय, त्यावर किती मेहनत गेली असेल ते दिसतं, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं. पण रंग बदलावाच लागेल.

'व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का' असंही बरेच जण विचारतात. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हायला हवीत, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. तुमची गाडी दोन्हीकडे नापास.

शेतावर चालवण्याचं म्हणाल, तर या छंदातले बहुतेक लोक खासगी जागा म्हणजे मोकळं रान समजतात. कलम ३९ चे शब्द मात्र 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' असे आहेत. विनानोंदणी चालवल्यास पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड, पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते. विमा नसल्याचा गुन्हा वेगळा. तेव्हा गाडी गॅरेजमधून हलवायची झाली तर ट्रेलरवर घालूनच न्या.

राहिला व्यापारी. स्टॅम्पपेपरने आरटीओत गाडी तुमच्या नावावर होत नाही, पण पुरावा म्हणून तो भक्कम आहे, त्याने कागद देण्याचं वचन सहीनिशी दिलंय. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : पंधरा दिवसांत फॉर्म २१ सह सगळे कागद द्या, नाहीतर सव्वादोन लाख व्याजासह परत करा. त्याचा धंदाच गाड्या विकण्याचा असल्याने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. दुरुस्तीचा खर्चही मागा. तो पूर्ण मिळेलच असं नाही, आणि डिझेल इंजिनाचा तर सोडूनच द्या. पण ब्रेक, पत्रा, वायरिंगची बिलं असतील तर मागायला आधार राहतो. ज्यांची बिलं नाहीत, त्या दुकानदारांकडून आताच लिहून घ्या. आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. ती गाडी घेतल्याच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे पुढे वाद उरणार नाही.