सर्व्हरवर व्हायरस सापडला की फाइल लगेच डिलीट करू का?

तुमच्या शेतकरी कंपनीच्या वेबसाइटचा सर्व्हर हाताने कसा तपासायचा आणि काही सापडलं तर लगेच उडवायचं का, असं विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. मी उडवलं होतं, म्हणून सांगतो.

माझं आर्वीकडे कॉम्प्युटरचं दुकान आहे, आजूबाजूच्या चार-दोन साइटही पाहतो. एका जिनिंगवाल्याची वर्डप्रेस साइट मोबाइलवर गूगलमधून उघडली की सट्ट्याच्या जाहिरातीवर जायची. ऑफिसात पत्ता टाकून उघडली तर ठणठणीत! मालक म्हणे, तुमच्याच फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे. क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर अपलोड्स या फोटोंच्या फोल्डरमध्ये कापसाच्या गाठींच्या फोटोंशेजारी एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड. उडवली न् झोपलो. सकाळी तीच फाइल पुन्हा हजर. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एक ओळ बसली होती, दर दहा मिनिटांनी ती परत उतरवणारी. पऱ्हाटी वावरात तशीच ठेवून बोंडअळी गेली म्हणावं, तशातली गत.

आता तपासणी. फ्रेशक्लॅम या कमांडने क्लॅमएव्हीची व्हायरसची यादी ताजी करा, मग क्लॅमस्कॅनने फाइली तपासा. रिमूव्हचा पर्याय अजिबात लावू नका, नुसता अहवाल घ्या. रॅम एक जीबीच असेल तर आधी स्वॅप, म्हणजे मेमरीसारखी वापरायला डिस्कवरची जागा, द्या. अख्खी यादी मेमरीत चढते, नाहीतर मध्येच ‘किल्ड’ येऊन सगळं थांबतं. आणि टीमक्समध्येच चालवा, म्हणजे तुमचं कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. आपल्याकडे लाइन गेली की राउटर बंद, मग टीमक्स नसेल तर स्कॅनही अर्ध्यातच मेलं.

काहीच सापडलं नाही तरी निश्चिंत होऊ नका. क्लॅमएव्ही मुख्यतः ओळखीचंच पकडतं. फाइंड कमांडने अलीकडे बदललेल्या फाइली शोधून काढा, पण एमटाइम (मजकूर बदलल्याची वेळ) नाही, सीटाइम (फाइलची नोंद बदलल्याची वेळ) बघा. एमटाइम टच कमांडने कोणीही मागे नेतो. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-साधनाने कोअरचे चेकसम जुळवा, म्हणजे वर्डप्रेसच्या मूळ फाइलींत कोणी फेरफार केला का ते कळतं. अपलोड्समध्ये पीएचपी दिसली की बहुतेक वेळा समजायचं, पाहुणा आत आलाय.

सापडलेल्या फाइलची वेळ आधी लिहून ठेवा, कारण हलवली की सीटाइम बदलतो; मग ती वेबच्या फोल्डरबाहेर हलवा आणि त्याच वेळेच्या ॲक्सेस लॉगमध्ये (साइटवर कोण आलं त्याची नोंद) पोस्टच्या, म्हणजे साइटकडे काही पाठवल्याच्या, ओळी शोधा. माझ्याकडे तिथेच जुना, अपडेट न केलेला प्लगइन सापडला. तो काढला, मग क्रॉनटॅब, ऑथोराइज्ड कीज (पासवर्डशिवाय सर्व्हरवर शिरायच्या किल्ल्यांची फाइल), अनोळखी ॲडमिन साफ केले, सगळे पासवर्ड बदलले.

रूटच, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबाच, हातचा गेल्याची शंका असेल तर मात्र साफसफाईत रात्र घालवू नका, नवा सर्व्हर घ्या. त्यासाठी तुमच्याकडे शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, ते आधी सांगा.