दोरीचं टोक कुणाच्या हातात?

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लोट्याच्या केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी खात्यात रुजू होऊन जेमतेम दोन महिने झाले आणि तू विचारतेस, 'काका, हे नियम जरा अतीच होतात का?' तुझ्या खात्यात हा प्रश्न कुणी तोंडावर आणत नाही. ऑपरेटर विचारतात, पण आपापसात, गेटबाहेरच्या टपरीवर. तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

होतात. गेटपासून कँटीनपर्यंत जिथे वरून पान सोडून काही पडायचं नाही, तिथेही हेल्मेट. ऑफिसच्या चार पायऱ्यांना 'कठडा धरा'चा बोर्ड. गाडी उलटीच लावायची. हे एक वेळ चालेल. पण तू लिहिलंस की गाडी सरळ लावली तरी तोच लाल शेरा आणि परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीशिवाय, टाकीत उतरलं तरी तोच. माझा खरा आक्षेप इथे आहे. सगळ्याच चुकांवर एका पट्टीत ओरडलं, की यातला कुठला नियम जीव वाचवतो ते माणसाला कळेनासं होतं. मग तो सगळेच नियम साहेब फिरतीवर आला की पाळायचे, असं ठरवून टाकतो.

टाकीत उतरण्याचाच नियम घे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ एकदा मुळातून वाच. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने कलमांचे आकडे बदलले तरी गाभा समजायला तेच बरं. आत घातक वायू असण्याची शक्यता असेल, तर जाणकाराने स्वतः तपासून जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनाचं उपकरण लावायचं, पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरायचं. कायद्याच्या भाषेत इतकं डोळ्यांसमोर उभं राहणारं फार थोडं सापडतं.

आता मॅनहोलच्या, टाकीत उतरायच्या भोकाच्या, तोंडाशी उभी राहा आणि विचार कर. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. वेसल, म्हणजे बंद टाकी, नायट्रोजन सोडून साफ केली असेल तर आत तो जवळजवळ शून्यावर आलेला असतो. नायट्रोजनला ना वास ना रंग. जीव गुदमरतोय असंही वाटत नाही. दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या, खड्ड्यातला हायड्रोजन सल्फाइड आणखी फसवा. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि उतरणाऱ्याला वाटतं वास गेला. बंदरावर ट्रॉलरच्या खणात मासळी कुजली की तिथेही हाच वायू.

आणि मग जे होतं ते तुला माहीत असायलाच हवं. वरचा माणूस 'अरे, तो पडला!' म्हणून मागचापुढचा विचार न करता खाली उतरतो. त्याच्यामागे तिसरा. आपली माणसं अशीच आहेत, डोळ्यांदेखत कुणी पडला तर ती काठावर उभी राहत नाहीत. दोरी असली तर उतरावं लागत नाही, बाहेरून ओढता येतं. म्हणून तो बाहेरचा माणूस जागचा हलता कामा नये. ठेकेदार त्याला चहा आणायला पिटाळेल, 'पाच मिनिटांचं काम आहे मॅडम' म्हणेल. काम थांबव. प्रॉडक्शनवाले चिडतील, चिडू देत. इथे तसूभरही मागे सरायचं नाही.

पण अशा ठिकाणी ताठ उभं राहायचं, तर दुसरीकडे ऐकून घ्यायला हवं. तुझ्या पत्रातला तो गॉगल काढणारा ऑपरेटर. त्याला तू समज दिलीस, पण गॉगल का काढला ते विचारलंस का? मे महिन्यात आपल्याकडे सावलीत उभं राहिलं तरी घामाने अंग निथळतं. त्यात बंद गॉगल पाच मिनिटांत धुरकट होतो आणि व्हॉल्व्ह दिसेनासा होतो. कोरड्या, थंड हवेतल्या कुणीतरी ठरवलेला गॉगल इथे चालत नाही. आडोशाची भोकं असलेला, आत वाफ न धरणारा गॉगल मिळतो, थोडा महाग असतो. तो मागवून घे. ॲसिडचा टँकर दुपारी दोनला पीव्हीसी सूट घालून रिकामा करायला लावण्यापेक्षा सकाळी लवकर घे. नियम तोच राहतो, फक्त पाळता येईल असा होतो.

आंब्याचंच बघ. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबे उतरवायला नूतन झेला काढला. जमिनीवर उभं राहून आंबा देठासकट उतरवता येतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही, भाव बरा येतो. उंच कलमांवर अजूनही चढावं लागतं, ते खरं. पण जेवढी चढउतर वाचली, ती बागायतदाराला कुणी दंड लावून वाचलेली नाही.

कारणही सांगत जा, दर वेळी. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात म्हणून आपण सगळे कुरकुरतो. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर येऊन गाड्या घसरल्या, माणसं गेली. ज्याला हे ठाऊक आहे तो उशीर सोसतो. तुझ्या प्लांटमध्ये निम्मे कंत्राटी कामगार झारखंड-ओडिशाकडचे, आणि ट्रेनिंगचा व्हिडिओ इंग्रजीत! बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत सूचना लावा, असं कायदाच सांगतो. व्हिडिओ बाजूला ठेव आणि मोडक्यातोडक्या हिंदीत का होईना, स्वतः बोल.

आणखी एक गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कायद्यात भर पडली: जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला आहे, आणि व्यवस्थापनाने लगेच पावलं उचलायची आहेत. हेल्मेटच्या बोर्डाशेजारी हेही मोठ्या अक्षरांत लाव. साहेब नाराज झाले तर जुन्या अधिनियमाचं कलम ४१एच आणि २०२० च्या संहितेचं कलम १४ दाखव.

पावसाआधी शटडाऊन आहे, प्लांट बंद ठेवून कामं उरकायची आहेत म्हणालीस. तुमच्या वर्क परमिटचा कोरा फॉर्म मला पाठव. त्यावर सात सह्या लागतात असं लिहिलंयस. त्या सातांपैकी मॅनहोलपर्यंत प्रत्यक्ष चालत कोण जातं, त्यांच्या नावापुढे खूण कर. बाकीच्या सह्या कशा कमी करायच्या ते बसून ठरवू. लेखी प्रस्ताव तूच द्यायचास, मसुद्याला मी मदत करतो.

तुझा,
काका