‘पाऊणशे’ म्हणजे किती?

प्रिय मित्रा,

कधीच नाटकाला न गेलेल्या मुलांसाठी ‘संगीत शारदा’ पडद्यावर आणायचा तुझा बेत आवडला. गोविंद बल्लाळ देवलांचं, म्हाताऱ्या भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचं लग्न लावू पाहणाऱ्यांवरचं हे नाटक १८९९चं. देवल १९१६ साली गेले आणि आपल्याकडे लेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे संहिता मोकळी आहे. नट, गायक, साथीदार यांची लेखी संमती मात्र तालमीच्या काळातच घेऊन ठेव. कुणाची जुनी ध्वनिमुद्रिका वापरणार असलास तर तिचा हक्क वेगळा तपासावा लागेल.

सगळे कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात, तू आवाजापासून कर. चित्र जरा धूसर असलं तरी नवखा प्रेक्षक बसून राहतो, शब्द निसटायला लागले की मोबाइल काढतो. रंगमंचाच्या कडेला ठेवलेले माइक फळ्यांवरची पावलंच जास्त टिपतात. म्हणून प्रमुख पात्रांना प्रत्येकी एक बिनतारी माइक दे, पण छातीवर नको. नऊवारीचा पदर त्यावर घासतो, दागिने आपटतात आणि ती खरखर नंतर निघत नाही. बायकांना तो केसांच्या रेषेत लपव, भुजंगनाथाला पगडीच्या कडेखाली. ऑर्गन आणि तबला वेगवेगळ्या ट्रॅकवर घे, ध्वनिमुद्रणाचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. हशाच नसेल तर देवलांचा विनोद पडद्यावर कोरडा पडतो.

कॅमेरे तीन पुरे. मधला पूर्ण रंगमंच दाखवेल आणि जागचा हलणार नाही. बाजूचे दोन चेहरे टिपतील. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (दिव्यांच्या रंगाशी कॅमेऱ्याची जुळणी) ठरावीक आकड्यावर बांधलेला. ऑटोवर ठेवलास तर दिवे बदलताच चेहरे निळे-पिवळे होतील. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, चेहऱ्यावरून ठरव, मागचा पडदा काळा पडला तर पडू दे. शेवटच्या रांगेसाठी केलेली रंगभूषा क्लोजअपमध्ये सोंगासारखी दिसते, तेव्हा त्या दिवशी ती निम्म्यावर आण. जमलं तर दोनदा चित्रित कर: एकदा भरल्या सभागृहात, एकदा रिकाम्या, म्हणजे कॅमेरा रंगमंचावर नेता येतो.

आता भाषा. ती सोपी करायच्या फंदात पडू नकोस, संवाद बदललेस की नाटकाचं पाणीच जातं. मराठी नाटकाला मराठीच उपशीर्षकं दे. दोन ओळी, ओळीला साधारण पस्तीस अक्षरं, मोठी ओळ पाच-सहा सेकंद तरी टिकलेली. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद घे. ही थट्टा आहे, आणि सगळी धार ‘अवघे’ या शब्दात आहे. पण ‘पाऊणशे’ म्हणजे किती हेच आजच्या मुलाला कळत नाही, मग तो हसणार कशाला? पहिल्या वेळी मूळ ओळ, तिच्याखाली ‘फक्त ७५ वर्षांचा!’ एवढं पुरे. गायक ओळ पुन्हा घोळवेल तेव्हा पडदा मोकळा ठेव, म्हणजे डोळे त्याच्या चेहऱ्यावर राहतील.

कापाकापी करावीच लागेल. पदांमधल्या ओळींच्या पुनरावृत्त्या कमी कर, पण ताल समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावरच काप; मध्येच कापलेलं अडाण्यालाही खटकतं. ‘मूर्तिमंत भीति उभी’ला हात लावू नकोस. लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. गोत्र म्हणजे काय आणि ते एक असल्यास विवाह का होत नसे, हे सुरुवातीच्या निवेदनात दोन वाक्यांत सांग, नाहीतर शेवट उपरा वाटेल. त्याच निवेदनात बालविवाह रोखणाऱ्या १९२९च्या ‘शारदा कायद्या’ला या नाटकावरून नाव मिळालं, असं मात्र लिहू नकोस. तो सारडा कायदा, हरबिलास सारडांच्या आडनावावरून आलेला. ही चूक फार जण करतात.

उपशीर्षकं चढवण्याआधी पहिली पंधरा मिनिटं नाटक न पाहिलेल्या पाच जणांना दाखव आणि थांबव. कांचनभट कुणाचा बाप (शारदेचा), लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला या लग्नातून काय हवंय, एवढंच विचार. तिघे अडखळले तर अभिनयाला दोष देऊ नकोस. पात्रं पहिल्यांदा येतात तिथे लांबचं दृश्य ठेवलेलं असणार. तिथे चेहरे घाल, नावं ऐकू येतील असे संवाद परत आण आणि नव्या पाच जणांना दाखव.