आजोबा ‘अकरा जुलैच्या संपात होतो’ म्हणायचे. तो संप नक्की कोणता? पोस्टात इतक्या युनियन का? मी जीडीएस (ग्रामीण डाक सेवक) लागलोय, कोणत्या युनियनमध्ये जाऊ?

पहिल्या प्रश्नातच गोम आहे. पोस्टाच्या इतिहासात अकरा जुलै दोन आहेत, 1946 चा आणि 1960 चा, आणि निवृत्तांच्या मेळाव्यातले वक्तेसुद्धा त्यांची सरमिसळ करतात. आजोबांचं निवृत्तीचं वर्ष पाहा. ते 1988 नंतर निवृत्त झाले असतील तर 1946 शक्यच नाही, तेव्हा त्यांचं वय अठराही नसेल, हिशोब बसत नाही. 1960 चा संप केंद्र सरकारच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा होता. दुसऱ्या वेतन आयोगाने निराशा केली म्हणून गरजेवर आधारित किमान वेतन आणि महागाईशी जोडलेला भत्ता मागत तो 11 जुलैच्या मध्यरात्री सुरू झाला आणि पाच दिवसांत मोडला. वटहुकूम, अटका, निलंबनं, संघटनांची मान्यता रद्द असं सगळं झालं.

1946 चा मात्र पोस्टाचा स्वतःचा. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती मुद्दाम पुसट केली जाते: त्या संपाची हाक बाबू लोकांनी दिली नव्हती. ती दिली पोस्टमन आणि खालच्या श्रेणीच्या युनियनने. म्हणजे पोस्टमन, पॅकर, रनर. नेते मुंबईचे व्ही. जी. दळवी, मागण्या सोळा. कारकून आणि तारवाले मागाहून आले. आले हे चांगलंच झालं, पण ‘आम्ही संप उभा केला’ हे त्यांनी सांगू नये.

खालचा माणूस संपावर बसला की पोस्ट का बसतं, हे खात्यात काम केलेल्यालाच कळतं. काउंटरवर दुसरा कारकून बसवता येतो, बीटवर, म्हणजे पोस्टमनच्या ठरलेल्या वाटपाच्या भागात, दुसरा पोस्टमन नाही. सकाळी पिशव्या फुटल्या की टपाल आधी बीटवार लागतं. मग प्रत्येक पोस्टमन आपला गठ्ठा चालण्याच्या क्रमाने लावतो: कोणती चाळ आधी, कोणता जिना, एकाच नावाच्या दोघांतला नेमका कोण. हा क्रम कुठे लिहिलेला नसतो. बदली माणूस साधी पत्रं कशीबशी टाकेल, पण रजिस्टर आणि मनीऑर्डर सहीशिवाय देता येत नाही, आणि चुकीच्या हातात रक्कम गेली तर वसुली देणाऱ्याच्या पगारातून. म्हणून नवखा माणूस त्या परत आणून ठेवतो. ऑफिसात जागा उरत नाही, मग आरएमएसकडून (रेल्वे मेल सर्व्हिस, रेल्वेने टपाल नेणारी शाखा) येणाऱ्या पिशव्या न फोडताच पडतात, मग आरएमएस तुंबतं. तुंबा असा उलटा, घराकडून रेल्वेकडे सरकत जातो.

आणि मनीऑर्डर म्हणजे तेव्हा काय होती? गिरणीतला माणूस पगाराला फॉर्म भरायचा, खालच्या कूपनवर दोन ओळी खुशालीच्या. कोकणातल्या घरी पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा, कूपन वाचून दाखवायचा आणि पोच परत मुंबईला जायची. ही साखळी तुटली की सरकारच्या आधी गिरणगाव आणि कोकण हैराण होतं. तरीही लोक संपवाल्यांच्या बाजूने राहिले. 29 जुलैला कलकत्त्यात पाठिंब्याचा सार्वत्रिक संप झाला, हिंदू-मुसलमान कामगार एकत्र. पुढच्या अडीच-तीन आठवड्यांत, 16 ऑगस्टला, त्याच शहरात हिंदू-मुसलमान दंगल उसळली. पोस्टाचा संप ऑगस्टच्या सुरुवातीला मिटला. सगळं मिळालं नाही. 1947 च्या पहिल्या वेतन आयोगाने किमान वेतन ठरवलं ते 30 रुपये मूळ आणि 25 महागाई भत्ता.

इतक्या युनियन का? कारण इंग्रजांच्या काळापासून श्रेणीनिहाय संघटना होत्या. 1954 मध्ये फेररचना होऊन एक महासंघ आणि त्याखाली नऊ युनियन झाल्या. पी-थ्री, पी-फोर, आर-थ्री, आर-फोर ही नावं तिथली: पी म्हणजे पोस्ट, आर म्हणजे आरएमएस, थ्री कारकुनांची, फोर पोस्टमन आणि खालच्या श्रेणीची. 19 सप्टेंबर 1968 च्या एक दिवसाच्या संपानंतर महासंघाची मान्यता पुन्हा काढली आणि इंटकप्रणीत (काँग्रेसच्या कामगार संघटनेच्या) महासंघाला दार उघडलं. भारतीय मजदूर संघाचा तिसरा. 1985 ला टपाल आणि दूरसंचार वेगळे झाल्यावर जुना महासंघही दुभंगला. फूट वरून पाडली हे खरंच, पण पी-थ्री आणि पी-फोर एकाच बाकावर बसत नव्हते हेही तितकंच खरं.

आता तुमचं. खेड्यातलं पोस्ट चालवणारा ईडी (एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे आजचा जीडीएस) कर्मचारी दशकानुदशकं युनियनच्या ओसरीवरच बसलेला होता. 1977 च्या राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ईडीचं पद नागरी पद ठरवलं, तरी नियमित सेवा मिळाली नाही. एकामागून एक समित्या बसल्या, राजन, मदन किशोर, सावूर, तलवार. प्रत्येक अधिवेशनात ठराव ‘ईडींना खात्यात घ्या’ आणि वाटाघाटीत तोच मुद्दा शेवटचा, चहा आल्यावर. जीडीएसच्या वेतनावरच्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर 2016 ला आला, तो दीड वर्ष पडून होता. 22 मे 2018 पासून जीडीएस स्वतः बेमुदत संपावर बसले तेव्हा 6 जूनला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली: चार तासांच्या शाखा डाकपालाला महिना किमान 12,000 रुपये, पाच तासांच्याला 14,500, सहायक शाखा डाकपाल आणि डाकसेवकाला 10,000 आणि 12,000. हे 1946 सारखंच झालं, खालचे बसले तेव्हा हललं. म्हणून माझं मत, जी जीडीएसच्या प्रश्नावर स्वतः संपाची नोटीस देते तिचे सभासद व्हा. झेंड्याचा रंग नंतर पाहा.

नियमित कर्मचाऱ्यांसाठी 1993 च्या मान्यता नियमांत गणित असं: त्या वर्गातले 35 टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता, आणि तशी एकच असेल तर दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला किमान 15 टक्क्यांवर. सभासद मोजतात ते पगारातून कापलेल्या वर्गणीवरून, आणि कपात एकाच संघटनेसाठी होते. तोंडी सभासदत्वाला काडीची किंमत नाही. जीडीएसनेही अधिकारपत्रावर सही केली की प्रत ठेवा आणि पुढच्या पगारपत्रकात कपात दिसते का पाहा. सेक्रेटरीच्या खिशात राहिलेली पत्रं मोजणीत येत नाहीत, भांडणं बहुतेक तिथेच सुरू होतात.

हो, आणि एप्रिल 2023 मध्ये खात्याने सर्वांत मोठ्या महासंघाची (एनएफपीई) आणि त्याच्या ग्रुप सी, म्हणजे जुन्या पी-थ्री, युनियनची मान्यता काढली, निधी नियमाबाहेर दिल्याच्या कारणावरून. म्हणून सही करण्याआधी डिव्हिजन ऑफिसात मान्यतेचं ताजं पत्र मागून बघा. संपाच्या दिवसाचा भत्ता मिळत नाही हे घरी आधीच सांगून ठेवा.