प्रश्नावली आधी बाजूला ठेव

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

पीएच.डी.चा विषय कळवलास. ‘अमुक तालुक्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या वाचकांचे समाधान : एक अभ्यास’. तालुका बदलून हाच प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, किती वेळा सापडतो, एकदा बघच. रागावू नकोस, माझा प्रबंधही त्याच जातकुळीचा होता. तीनशे प्रश्नावल्या वाटल्या, निम्म्याच परत आल्या, आणि एका कॉलेजातून आलेल्या सगळ्या एकाच हस्ताक्षरात होत्या. तिथल्या शिपायाने माझी अडचण ओळखून बसल्या बैठकीला चाळीस वाचकांचं समाधान भरून टाकलं होतं! पदवी मिळाली. वाचकाबद्दल मात्र मला नवं काही कळलं नाही.

तू रोज देवघेवीच्या काउंटरवर बसतेस. मागच्या पत्रात तू जाता जाता लिहिलं होतंस, की एका मुलाने नावात ‘दऱ्या’ असलेलं पुस्तक ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या तालिकेत, शोधलं, ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं, आणि पुस्तक तर कपाटात होतं. एवढं लिहून तू परीक्षेच्या गर्दीकडे वळलीस. मी मात्र तिथेच अडकलो.

‘दऱ्या’मधला तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी उमटतो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि मागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. सॉफ्टवेअरला कुणी शिकवलं नसेल, तर त्याच्या लेखी ते दोन निराळे शब्द. नोंद करणाऱ्याने एक वापरला, मुलाने दुसरा. त्यात १९६२ च्या लेखननियमांआधीची पुस्तकं धर : ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’. आजचा मुलगा ते अनुस्वार कशाला टाइप करेल? शिवाय नावांचा घोळ आहेच. नाटकांवर राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. माणूस एक, पण एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी केल्या नाहीत तर तालिकेत तिघे. जुन्या कार्डांच्या ड्रॉवरमध्ये ‘पाहा’ असं एक कार्ड घालून आम्ही हे निभावायचो. संगणक आला तेव्हा घाईघाईत ती कार्डं रद्दीत गेली. मीही घातली, आजही हळहळ वाटते.

तुझ्या ग्रंथालयात वाया गेलेल्या शोधांपैकी किती वेळा पुस्तक खरोखर नव्हतं आणि किती वेळा ते असूनही सापडलं नाही, हे मोजता येईल. मराठीत यावर बरंच काम व्हायचं बाकी आहे.

मोजण्याला कमी लेखू नकोस. लंडनच्या सायन्स म्युझियम लायब्ररीतल्या ब्रॅडफर्डने भूभौतिकीवरचे १३३२ संदर्भ नुसते नियतकालिकवार लावून पाहिले. ३२६ नियतकालिकांपैकी अवघ्या नऊंमध्ये ४२९ निघाले, उरलेले शेकडोंमध्ये विखुरलेले. १९३४ साली त्याने ते छापलं, आणि कोणती नियतकालिकं घ्यावीत याचा विचार करताना आजही त्याचं नाव निघतं. प्रश्न ग्रंथपालाचाच होता. आपल्याकडे शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ मधली मराठी पुस्तकं सूचीत वर्गवार लावली. जुनं पुस्तक शोधताना मी अजूनही आधी तीच उघडतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे ग्रंथालयांसाठीचे पाच नियम पहिल्या प्रकरणात उतरवशीलच, सगळेच उतरवतात. वाचकाचा वेळ वाचवा, या चौथ्यापाशी मात्र थांब. त्या मुलाची किती मिनिटं गेली?

पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्यांच्या ईमेल तुला येतील. न वाचता काढून टाक. गाईड ‘प्रश्नावली हवीच’ म्हणाले तर वाद घालू नकोस, वीस वाचकांची एक छोटीशी जोड. बाकी वजन वाया गेलेल्या शोधांच्या नोंदींवर ठेव.

सोमवारी एक दोनशेपानी वही आण. रकाने चारच : वाचकाने टाइप केलेला शब्द जसाच्या तसा, संगणकाचं उत्तर, कपाटात काय सापडलं, त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक. वाचकाचं नाव लिहायचं नाही. तीन महिन्यांनी वही घेऊन घरी ये.

आणि हो, त्या मुलाला शेवटी पुस्तक मिळालं का, ते तू लिहिलंच नाहीस.

तुझे,
सर