गावच्या घरातले कॅमेरे पुण्यातून कसे बघायचे आणि रेकॉर्डिंग जास्त दिवस कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की गावी आई-वडील दोघंच असतात, अंगणात आणि गोठ्याशी टॅपोचे दोन वायफाय कॅमेरे लावलेत, घरात फायबरचं इंटरनेट आहे. प्रत्येक कॅमेऱ्यात ३२ जीबीचं कार्ड आहे, त्यावर जेमतेम दोन दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं. मोबाइलच्या ॲपवर चित्र दिसतं, पण यूट्यूबवर बघून राउटरमध्ये ५५४ नंबरचं पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडलंत तरी पुण्यातल्या कॉम्प्युटरवर काही येत नाही.

लांबून बघण्याचं नंतर घेऊ. आधी रेकॉर्डिंग पक्कं करा, कारण वेळ येते तेव्हा तेच कामाला येतं. आमच्या विहिरीवर सिमकार्डावर चालणारा कॅमेरा आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका रात्री मोटारीची केबल चोरीला गेली, पेटीपासून विहिरीपर्यंतची सगळी. सकाळी वडिलांचा फोन आला तसं मी ॲप उघडलं. थेट चित्र अगदी स्वच्छ. पेटीचं दार उघडं, खाली केबलचं कापलेलं टोक, शेजारी वडील उभे. रात्रीचं रेकॉर्डिंग बघायला गेलो तर पट्टी कोरी. एकेक तारीख मागे सरकवत गेलो तेव्हा शेवटचं रेकॉर्डिंग सापडलं ते सात आठवड्यांपूर्वीचं. कार्ड तेव्हाच निकामी झालं होतं. मी आणि भाऊ रोज संध्याकाळी तो कॅमेरा उघडून बघत होतो. चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्डही होतंय असंच दोघांनी धरलं होतं. वडिलांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, पण दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी दर महिन्याच्या एक तारखेला आदल्या रात्री तीनचं रेकॉर्डिंग लावून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे, तुम्हीही मोबाइलमध्ये त्याची आठवण लावून ठेवा.

आता दोन दिवसांचा हिशोब. कॅमेरा सेकंदाला जितके मेगाबिट (एमबीपीएस) लिहितो त्यावर सगळं ठरतं. १ एमबीपीएसने चोवीस तास लिहिलं तर दिवसाला साधारण १०.८ जीबी भरतात. तुमचा कॅमेरा दीड एमबीपीएसच्या आसपास लिहीत असावा, म्हणजे दिवसाला सोळा जीबी. ३२ जीबीचं कार्ड दोन दिवसांत भरणारच, त्यात बिघाड काही नाही. त्याच हिशोबाने १२८ जीबीच्या कार्डावर आठवडाभर आणि २५६ जीबीवर पंधरवडाभर राहील. मात्र कार्ड घेताना फक्त आकडा बघू नका. मोबाइलसाठीची साधी कार्डं दिवसरात्र लिहून-पुसून लवकर झिजतात. ‘हाय एन्ड्युरन्स’ किंवा ‘प्रो एन्ड्युरन्स’ असं छापलेली कार्डं याच कामासाठी असतात. सॅनडिस्क आणि सॅमसंग, दोघांचीही मिळतात. थोडे पैसे जास्त जातील, पण खात्रीच्या दुकानातून घ्या, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. नकली कार्ड २५६ जीबीचं दिसतं आणि प्रत्यक्षात त्याच्या एका तुकड्यावरच पुन्हापुन्हा लिहिलं जातं.

नवं कार्ड घातलं की ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आधी फॉरमॅट करा, लूप रेकॉर्डिंग चालू करा, म्हणजे कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसून नवं लिहिलं जाईल. वेळापत्रकात ‘कंटिन्युअस’ निवडा. हालचालीपुरतं रेकॉर्डिंग ठेवलं तर कार्ड जास्त दिवस पुरतं हे खरं, पण नेमका हवा तो क्षण सुटू शकतो. माणूस लांबून अंधारातून येतो, कॅमेऱ्याला हालचाल कळेपर्यंत तो गोठ्यात शिरलेला असतो. हालचाल ओळखणं फक्त सूचनेसाठी वापरा, आणि तुमच्या मॉडेलमध्ये सोय असेल तर ‘पर्सन डिटेक्शन’ लावा, नाहीतर लिंबाची फांदी हलली तरी रात्रभर फोन वाजत राहील.

फांदीपेक्षा जास्त त्रास कोळ्यांचा होतो. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेडचे दिवे लागतात, आसपास किडे जमतात आणि त्यांच्यामागे कोळी येतो. काचेसमोर जाळ्याचा एक धागा असला तरी रात्री तो पांढऱ्या दोरखंडासारखा चमकतो आणि मागचं सगळं काळं पडतं. दिवसा चित्र ठीक आणि रात्री धुकं, असं दिसलं की आईंना सांगा, लांब केरसुणीने कॅमेऱ्याभोवती झाडून घ्या, काचेला मात्र केरसुणी लावू नका.

विजेचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण गावी तेच खरं दुखणं असतं. घराला इन्व्हर्टर असेल तर कॅमेऱ्यांबरोबर राउटर आणि फायबरची पेटीही त्याच लाइनवर आहे का हे बघा. बऱ्याच घरांत पंखे-दिवे इन्व्हर्टरवर असतात आणि राउटरचा प्लग साध्या बोर्डात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरला पुरणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. वीज आल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना हेही तपासा. कॅमेरा इंटरनेटवरून वेळ जुळवतो, म्हणून ॲपमध्ये टाइम झोन भारताचा, +५:३०, असायला हवा. चुकीच्या वेळेचं रेकॉर्डिंग पुढे फार गोंधळ घालतं.

आता ५५४ पोर्टचं. तुमचं काही चुकलेलं नसावं. इंटरनेटवरच्या पत्त्यांची (आयपी) टंचाई असल्याने बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. चाळीचा एकच पत्ता आणि खोली नंबर कुणालाच ठाऊक नाही, अशी ती गत. चाळीतल्या माणसाला बाहेर पत्र पाठवता येतं, पण बाहेरून नव्याने आलेलं पत्र कुठल्या खोलीत द्यायचं हे पोस्टमनला कळत नाही. तुम्ही तुमच्या खोलीचं दार उघडलंत, पण चाळीचा मुख्य दरवाजा तुमच्या हातात नाही. खात्री करायची तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर सीजीनॅटच आहे. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तरी अर्थ तोच, बाहेरून थेट येता येणार नाही.

पण सार्वजनिक पत्ता मिळाला तरी ते पोर्ट उघडं ठेवू नका, आणि आत्ता उघडलंय ते आजच बंद करा. इंटरनेटवर असं उघडं दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन असे लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेट्या) आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर त्यांचाच मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास बंद पडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना घरी काहीच कळलं नव्हतं, चित्र नेहमीसारखं दिसत होतं. आपल्या कॅमेऱ्यात तर आई-वडिलांचं अंगण असतं. ते कधी झोपतात, घराला कुलूप कधी लागतं, हे सगळं त्यात दिसतं.

ॲपवर चित्र का दिसतं? तिथे कॅमेरा स्वतःच आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क करतो, तुमचा मोबाइलही तिथेच जातो, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. सीजीनॅट त्याला आड येत नाही. नुसतं अधूनमधून बघायचं असेल तर हे पुरेसं आहे. त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि बहीण-भावांना पासवर्ड सांगण्याऐवजी ॲपमधून कॅमेरा ‘शेअर’ करा. फर्मवेअरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलं की टाळू नका. डेटाचाही अंदाज ठेवा, १ एमबीपीएसचं चित्र तासभर बघितलं की ४५० एमबी जातात. विहिरीवरच्या कॅमेऱ्याचं सिम रोजच्या २ जीबीचं आहे, म्हणून तिथे आम्ही सतत क्लाउडवर साठवण्याच्या फंदात पडलो नाही.

कॉम्प्युटरवर बघायचंच असेल तर मी माझ्या घरी जे केलंय ते सांगतो. यातून दुसरी अडचणही सुटते. चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. रेकॉर्डिंगची एक प्रत घराच्या आत, कपाटात हवी. ॲपमध्ये ‘कॅमेरा अकाउंट’ नावाची सोय आहे, तिथे वेगळं नाव आणि पासवर्ड तयार करा. मग घरातल्या घरात ५५४ पोर्टवर आरटीएसपीने (थेट चित्र पाठवण्याची एक ठरलेली पद्धत) चित्र मिळतं. पत्त्याच्या शेवटी ‘स्ट्रीम१’ लिहिलं की पूर्ण दर्जाचं, ‘स्ट्रीम२’ लिहिलं की हलकं (हे अर्थात इंग्रजीत टाइप करायचं). हे चित्र घेऊन साठवायला एनव्हीआर, म्हणजे नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, घेता येतो. घेताना तो ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जुळावीत म्हणून ठरवलेलं मानक) चालवतो ना हे विचारा. माझ्याकडे जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर फ्रिगेट हा मोफत प्रोग्रॅम टाकला. हार्ड डिस्क घ्यायची झाली तर सीसीटीव्हीसाठीचीच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. दोन कॅमेरे दीड एमबीपीएसने धरले तर १ टीबीत महिना निघतो.

त्याच लॅपटॉपवर टेलस्केल हा लांबचे कॉम्प्युटर जोडणारा प्रोग्रॅम टाकला आणि पुण्यातल्या कॉम्प्युटरवरही तेच, दोन्हीकडे एकाच खात्याने. दोघांमध्ये कुलूपबंद खासगी वाट तयार होते, राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि सीजीनॅटही आड येत नाही. थेट कॅमेऱ्यापर्यंत जायचं असेल तर लॅपटॉपला ‘सबनेट राउटर’, म्हणजे घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत नेणारा दुवा, करावं लागतं. तिथे मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. गावी आणि पुण्यात दोन्ही राउटरचे घरातले पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत होते, त्यामुळे कॉम्प्युटर गावचा कॅमेरा पुण्याच्या घरातच शोधत होता. गावच्या राउटरचे पत्ते १९२.१६८.५० केले आणि लगेच चित्र आलं.

देव न करो, पण कधी चोरी झालीच तर पहिलं काम म्हणजे लूपमध्ये पुसलं जाण्याआधी कार्ड काढून बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप पुरावा म्हणून फार टिकत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. २०२० साली न्यायालयाने स्पष्ट केलं की नक्कल द्यायची तर कायद्याने ठरवलेला दाखला लागतोच, मूळ साधन हजर केलं तर लागत नाही. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे. म्हणून मूळ कार्ड जपा आणि पोलिसांना दिलंत तर पोच घ्या.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन नवी कार्डं आणि शिडी एवढंच लागेल, बाकी सगळं मोबाइलवर होतं. तोवर वडिलांना फोन करून राउटरच्या पानाचा फोटो मागवा आणि वॅन आयपीचे पहिले दोन आकडे इथे खाली लिहा, पूर्ण पत्ता टाकू नका. तेवढ्यावरून तुमच्याकडे सीजीनॅट आहे की नाही ते सांगतो.